मोहिते सरांची नजर

मोहिते सरांबरोबर बसने जायचं म्हणजे जीव मुठीत धरून बसावं लागे. ते समोरच्या माणसाकडे बघत राहायचे. बघत राहायचे म्हणजे डोळ्याची पापणी न हलवता, मान थोडी तिरकी करून. समोरचा आधी शर्टाची बटणं तपासायचा, मग तोंडावरून हात फिरवायचा आणि शेवटी चिडून विचारायचा, "काय झालं काका?" सर शांतपणे सांगायचे, "काही नाही. तुमच्या कानामागून ऊन येतंय, कान आतून पेटल्यासारखा दिसतोय. दोन मिनिटं हलू नका." भोसरीच्या बसमध्ये एका बाईने यावरून त्यांना अशा काही शब्दांत झापलं होतं की ते पुढच्याच स्टॉपला उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. हे ते स्वतःच रंगवून सांगायचे. सांगताना त्या बाईचं रागाने लाल झालेलं नाक कसं होतं, लाली कुठे सुरू होऊन कुठे संपत होती, हेही सांगायचे. आम्ही पोट धरून हसायचो.

ताथवड्यात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर सर शिकवायचे तो क्लास होता. डिजिटल पोर्ट्रेटचा. मी चाकणच्या एका कंपनीत डिझाइन विभागात काम करते. आठवडाभर स्क्रीनवर पत्र्याचे भाग काढून डोळे शिणलेले असायचे, आणि रविवारी मी इथे येऊन पुन्हा स्क्रीनवरच माणसं काढायला शिकायचे. घरच्यांना याचं हसू यायचं. क्लासचा मालक केतन नावाचा तरुण होता. त्याला चित्रातलं फारसं कळत नव्हतं, पण आपल्याकडे मोहिते सर आहेत याची किंमत त्याला बरोबर कळत होती.

सर आधी एका शाळेत चित्रकला शिकवायचे. पन्नाशीनंतर त्यांनी पेन टॅबलेट हातात घेतला आणि पुन्हा कधी ब्रश धुतला नाही. ढगळ बुशशर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत पंच्यात गुंडाळलेला टॅबलेट. बायको बरीच आधी गेली होती. मुलगी बंगळुरूला होती. याहून जास्त त्यांच्याबद्दल आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. त्यांच्या बोलण्याचा विषय एकच, माणसाची कातडी.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळणारे त्वचेचे रंग पुसून टाकायला लावले. "कातडीला रंग नसतो," ते म्हणाले. "कातडी म्हणजे रक्तावर टाकलेलं पातळ कापड. जिथे कापड झिजलंय तिथे रक्त दिसतं." मग त्यांनी स्वतःच्या हातावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे एक फिकट ठसा उमटला आणि हळूहळू भरून आला. "हे परत येतंय ना, ते काढायचं आहे आपल्याला." कपाळ जरा पिवळसर, नाक आणि गाल तांबूस, हनुवटीकडे करडी-हिरवी झाक, सावळ्या माणसाच्या गालफडावर खिडकीतल्या आकाशाचा निळा, हे सगळं त्यांनी आम्हाला एकमेकांचे चेहरे बघायला लावून शिकवलं. सावलीत कुणी काळा रंग टाकला की ते मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "सावलीतही माणूसच असतो. त्याला बुजवू नका."

लातूरकडचा एक मुलगा होता, वैभव. भोसरीला खोली घेऊन राहायचा, आठवडाभर कंपनीत शिफ्ट करायचा. त्याने आईचं पोर्ट्रेट काढलं आणि तिला चांगलं दोन-तीन छटा उजळ केलं. सर बराच वेळ बघत राहिले.

"आई गोरी आहे का रे?"

"नाही सर. पण भिंतीवर लावायचंय."

"मग ही कोण बाई तू घरात लावणार आहेस?"

वैभवचे कान लाल झाले. त्याने ते पुन्हा काढलं. चित्र गावी गेल्यावर आईचा फोन आला. "मला वाटलं तू साहेबाची आई काढून पाठवशील, पण माझीच पाठवली की," असं ती म्हणाली. वैभवने हे क्लासमध्ये सांगितलं तेव्हा सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्या दिवसापासून त्यांचा शब्द आमच्यासाठी शेवटचा झाला. जे दिसतं ते काढायचं, माणसावर दया दाखवायची नाही, कारण त्याला उजळ करणं हाच त्याचा अपमान.

पोझच्या बाबतीतही त्यांचं एक ठरलेलं मत होतं. भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या मालकाचं पोर्ट्रेट करायचं काम आलं होतं. सर आम्हा दोघा-तिघांना घेऊन गेले. मालक खुर्चीत असे बसले होते की जणू सरकारी ओळखपत्राचा फोटो निघतोय. सरांनी थोडा वेळ खोटं खोटं पेन फिरवलं आणि म्हणाले, "झालं साहेब. चहा सांगा." मालकांनी सुस्कारा सोडला, खांदे खाली आले. तेवढ्यात आत कुठल्यातरी लेथचा आवाज जरा बदलला आणि त्यांची मान आपोआप तिकडे वळली, एक भुवई वर गेली, हात खुर्चीच्या कडेवर अर्धवट उठायच्या तयारीत. सरांनी चहा प्यायचं नाटक करत तेवढंच टिपलं. चित्र बघून मालकांच्या मुलाने सरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं.

परत येताना सर म्हणाले, "ज्याला माहीत नसतं की आपल्याकडे कुणी बघतंय, त्याचीच पोझ खरी. बाकी सगळे फोटो."

मी हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवलं. तेव्हा ते फार मोठं वाटलं होतं.

क्लासमध्ये झाडलोट आणि चहा करायला सुमनमावशी यायच्या. पुनावळ्याच्या, जुन्या गावातल्या. आजूबाजूला उंच सोसायट्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये मावशींचं दोन खोल्यांचं घर उरलं होतं. बोलायला कमी, चहाला सढळ. पदर गळ्याभोवती गच्च घेऊन खांद्यावर पिन लावलेली असायची. उन्हाळा असो की काहीही असो, ती पिन कधी निघाली नाही. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे.

त्या वर्षी क्लासचं प्रदर्शन होतं, इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. सर दोनेक महिने कशावर तरी काम करत होते आणि कुणाला दाखवत नव्हते. फक्त केतनला दाखवलं होतं, आणि तो भलताच खूश दिसत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं, माणसापेक्षा मोठ्या आकारात छापलेलं. खिडकीजवळ स्टुलावर सुमनमावशी बसल्या होत्या. पिन काढलेली, पदर मांडीवर पडलेला, मान मागे टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. दुपारचं ऊन एका बाजूने येत होतं. आणि हनुवटीखालून गळ्यावर, गळ्यावरून खांद्यापर्यंत भाजल्याचा जुना व्रण पसरला होता. ताणलेली, चकाकणारी, गुलाबी-तपकिरी कातडी, कुठे सुरकुतलेली, कुठे काचेसारखी गुळगुळीत. ती खरी वाटत होती असं म्हणणं कमी पडेल. हात लावला तर ऊब लागेल असं वाटत होतं.

सर चित्राशेजारी उभे राहून समजावून सांगत होते. "बघा, चांगल्या कातडीवर प्रकाश जरा आत झिरपतो. इथे तो थांबत नाही, घसरतो. म्हणून ही चमक. हे जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला." त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्याच वेळी मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या.

गर्दीतल्या लोकांनी आधी चित्राकडे बघितलं, मग मावशींकडे, आणि मग सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी गेली, त्यांच्या गळ्याशी लावलेल्या पदरावर. कॉलेजची एक मुलगी मनापासून म्हणाली, "मावशी, या तुम्हीच ना? किती सुंदर."

मावशींनी चित्राकडे बघितलं. ट्रे हातातच होता, त्यामुळे त्यांना पदरही ओढून घेता येईना. त्यांनी फक्त हनुवटी खाली घेतली, गळ्यापर्यंत.

"हे कवा काढलं?" त्यांनी विचारलं.

सरांना अजूनही काही कळलं नव्हतं. ते उत्साहाने म्हणाले, "अहो, एप्रिलमध्ये. सगळे गेले होते, तुम्ही आतल्या खोलीत खिडकीपाशी बसला होता. मी कोपऱ्यात टेबलाशी होतो. आठवतंय का?"

"आठवतंय की," मावशी म्हणाल्या. "एकलीच हाय म्हणून बसले हुते."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सरांचा हात चित्राकडे उचललेला होता, तो तसाच राहिला. मग मावशी पुढे झाल्या आणि एकेकासमोर ट्रे धरत सगळ्यांना चहा दिला. आम्ही कप घेतले. नको म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. सरांसमोर ट्रे आला तेव्हा त्यांनी कप उचलला नाही, नुसते त्याकडे बघत राहिले. मावशी क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या. रिकामा ट्रे टेबलावर ठेवून त्या हॉलबाहेर निघून गेल्या. पुन्हा कामावर आल्या नाहीत.

सरांनी तिथल्या तिथे चित्र भिंतीवरून उतरवलं. केतनने अडवलं. "सर, लोक त्याच्यासाठीच येतायत. मावशींशी मी बोलतो ना." सरांनी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि स्वतः त्याला टेकून जमिनीवर बसले. तेव्हा केतन हळूच म्हणाला, "पण सर, फ्लेक्सला तर तेच गेलंय. तुम्हीच फाइल दिली होती."

पुनावळ्याच्या अंडरपासजवळ, हायवेच्या सर्व्हिस रोडला, आमच्या क्लासच्या ॲडमिशनच्या जाहिरातीचा फ्लेक्स आदल्या संध्याकाळीच लागला होता. 'जिवंत पोर्ट्रेट शिका' असं वर लिहिलेलं आणि खाली मावशींची मागे टाकलेली मान. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गावातल्या बायका भाजीला त्याच रस्त्याने जायच्या.

सर उठून बाहेर पडले. मी आणि वैभव मागे धावलो. वैभवच्या बाइकवर सर बसले, मी माझ्या स्कूटरवर. तिथे पोचल्यावर सर कुणाचं ऐकेनात. बांबूच्या सांगाड्यावर चढले, कापडी पिशवीतला कटर काढला आणि फ्लेक्स फाडायला लागले. खालून ट्रक, टँकर, कंपन्यांच्या बस जात होत्या. शेजारी कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. एक माणूस गाडी थांबवून ओरडला, "ए काका, कुणाचा माणूस तू? कुणी पाठवलं फाडायला?"

"कुणी नाही," सर वरूनच म्हणाले. "मीच काढलंय हे."

त्या माणसाला काही समजलं नाही. बांबू हलत होते. वैभव खालून सांगाडा धरून उभा होता. फ्लेक्स निघाला तेव्हा तो गुंडाळायचा कसा हेही सरांना कळेना. चेहरा आत घालून त्यांनी तो दुमडला, पुन्हा दुमडला, आणि कुणी बघत तर नाही ना अशा नजरेने पहिल्यांदाच आजूबाजूला बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "स्वाती, मला त्यांच्या घरी जायचंय. मी एकटा जाणं बरं दिसणार नाही. येशील का?"

मावशींच्या घरी त्यांची सून होती. तिने सतरंजी टाकली. मावशी आतून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. पदर गळ्याभोवती होताच, त्यावरून आणखी एक टॉवेल घेतला होता. सर खाली मान घालून म्हणाले, "मावशी, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

मावशी म्हणाल्या, "ह्ये झालं तवा मी पंचविशीत बी नव्हते. सगळ्यांनी इचारलं, स्टो भडकला म्हून सांगितलं. मग लोकं इचारायची थांबली. आता सकाळधरनं बायका येत्यात. म्हंत्यात, सुमन, येवढं कसं गं भाजलं? पुन्ना पयल्यापास्नं सांगायला लागतंय."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सासूकडे बघितलं आणि नजर वळवली. स्टोव्हचं खरं की खोटं हे आम्हीही विचारलं नाही. विचारायचा अधिकारच उरला नव्हता.

"ते चित्र हाय का अजून तुमच्यापाशी?" मावशींनी विचारलं.

सरांनी पंच्यात गुंडाळलेला टॅबलेट काढला. मला वाटलं, त्या पुसून टाकायला सांगतील. सरांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांचं बोट आधीच पुसायच्या खुणेवर गेलं होतं.

"पदर काढा तितं," मावशी म्हणाल्या.

सर कामाला लागले. मावशी हळूहळू पुढे सरकून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. कुठल्या साडीचा पदर, काठ कसा, किती वर घ्यायचा, सगळं त्यांनी सांगितलं. मध्येच म्हणाल्या, "असा न्हाई. पिन हितं लागती." आणि स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. सर त्या बोटाकडे बघायलाही धजत नव्हते. एकदा चोरून बघितलं आणि लगेच मान खाली घातली. दोन महिने खपून काढलेली ती चकाकती कातडी हिरव्या काठाखाली गेली. हनुवटीजवळ एक लहानसा तुकडा उरला होता. मावशींनी नुसतं त्यावर नख ठेवलं. सरांनी तोही झाकला.

मग सर थांबले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हाला खोटं सांगणार नाही. यात एकावर एक थर असतात. पदर नुसता वर ठेवलाय. खाली ते अजून तसंच आहे. कुणीही पदर बाजूला करू शकतं."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. "मंग?"

"सगळे थर एक करून टाकतो. मग खाली काही राहत नाही. मलाही परत काढता येणार नाही."

"करा."

सरांनी केलं. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्यांच्यासमोर पुसल्या. छापलेलं चित्र आणि फ्लेक्स त्यांनी आदल्या रात्रीच फाडून टाकले होते. स्क्रीनवर काहीच बदललं नव्हतं, तरी मावशींनी टॅबलेट हातात घेऊन तो जरा तिरका करून बघितला, जसा आपण भांड्याचा तळ बघतो. मग म्हणाल्या, "नाक माज्या आयवानी आलंय." आणि टॅबलेट परत दिला.

चहा विचारला नाही. सुनेने आत कपबशा काढल्याचा आवाज आला होता, पण मावशी तिच्याकडे बघून "ऱ्हाऊ दे" म्हणाल्या. बाहेर गल्लीत आल्यावर सर म्हणाले, "बरोबर केलं त्यांनी."

चित्राचे फोटो आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होते, काहींनी पुढेही पाठवले होते. सरांनी माझ्यासमोरच एकेकाला फोन केला. "बाळा, तेवढा फोटो काढून टाक. आणि ज्याला पाठवला असशील त्यालाही सांग." काही मुलं कंटाळली. एकाने मला विचारलं, "सरांना झालंय काय? कुणाच्या लक्षातही नाही आता ते." असेलही. पण कुठे ना कुठे तो फोटो राहिलाच असणार, हे सरांना माहीत होतं. शेवटी शेवटी फोनवर त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मलाच लाज वाटायची, ते काही मागत असल्यासारखं वाटायचं.

क्लास त्यांनी सोडला. केतनने दुसरे शिक्षक आणले, चांगले होते. मीही पुढे जाणं बंद केलं. सरांना एक-दोनदा फोन केला तर ते तब्येतीचं, पावसाचं बोलायचे. चित्राचं नाही. मावशी कुठल्याशा सोसायटीत कामाला लागल्याचं ऐकलं. मी एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत फिरले. जाऊन काय बोलणार होते?

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीत कामगारांच्या कुटुंबांसाठी कार्यक्रम होता. चाकणच्या प्लँटच्या मागच्या मैदानात मांडव घातला होता. पोरांसाठी पाळणे, खाण्याचे स्टॉल, आणि एका कोपऱ्यात 'तुमचं पोर्ट्रेट लगेच मिळवा' अशी पाटी. तिथे बरीच रांग लागली होती. मी सहज डोकावले आणि खुर्चीवर मोहिते सर बसलेले दिसले. केस पार पिकले होते.

मी रांगेबाहेर, मांडवाच्या खांबाआड थांबले. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमधल्या कुणा कामगाराची बायको समोरच्या खुर्चीत येऊन बसली. तिशीची असेल. बसल्या बसल्या गडबडली. केस नीट केले, मंगळसूत्र सरळ केलं, ओठावरचा घाम पुसला, पुन्हा केस. नवरा मागून हसत म्हणाला, "अगं, बस की आता. सर खोळंबलेत."

"काही घाई नाही," सर म्हणाले. पेन त्यांनी टॅबलेटवर आडवं ठेवलं होतं. दोन्ही हात मांडीवर होते आणि डोळे खाली, पायाजवळच्या मातीकडे. रांगेतली माणसं बघत होती, नवरा बघत होता, मीही बघत होते. फक्त सर बघत नव्हते.

बाईने पदर खांद्यावर घेतला, काढला, पुन्हा घेतला. मग ताठ बसून म्हणाली, "हं. आता बघा."

तेव्हा त्यांनी मान वर केली.